श्वानांचे त्वग्विकार व वैद्याचे कर्तव्य

कंडू घेऊन आलेल्या रुग्णास आपण आहारविहार विचारतो. घरी श्वान आहे काय, हेही विचारावे, असे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे.

श्वानाची खरूज सार्कोप्टिस या सूक्ष्म किडीमुळे होते. कानांच्या कडा, कोपर व पोट येथील केस गळून तीव्र खाज सुटते. सहवासाने माणसाच्या हातांवर व पोटावरही पिटिका उठतात. परंतु श्वानाकडून आलेली ही कीड मानवी त्वचेवर दीर्घकाळ टिकत नाही. म्हणून श्वानाची चिकित्सा होताच रुग्णाचा कंडू बहुधा शमतो. ती न केल्यास उत्तम लेपही निष्फळ ठरतो. डेमोडेक्सजन्य विकार माणसास जडत नाही. दद्रू मात्र जडतो. गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकिओसिसमध्ये ज्वर, अरुची व रक्तस्राव ही लक्षणे संभवतात. तेथे विलंब घातक होय.

श्वान अंग चाटतो, त्यामुळे बाह्य लेपही त्याच्या पोटात जातो. मानवी औषधे व मात्रा त्यास योजू नयेत. शालिहोत्र व पालकाप्य यांची परंपरा अनुक्रमे अश्व व गज यांची आहे; तिचा अभिमान बाळगूनही श्वानचिकित्सा पशुवैद्यांकडेच सोपवावी. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. रुग्णास औषध आणि श्वानास पशुवैद्य, हाच आम्हांस युक्त मार्ग वाटतो.