शब्द आणि सातबारा



तुझं पत्र पोचलं. "शेवटपर्यंत सांभाळलंस, तर ओढ्याकाठचं शेत तुझ्या नावावर करीन," असं आत्याबाई चारचौघांत म्हणाल्या आणि त्या भरवशावर तू पुण्याची नोकरी सोडायला निघालास. त्यांच्या मनात खोट नाही, हे मी जाणतो. तरी राजीनाम्याआधी हे वाच.

जमीन तोंडी देता येत नाही. दागिना हातात ठेवला की दान पुरं होतं. शेताला मात्र मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे लेखी बक्षीसपत्र लागतं. त्यावर देणाऱ्याची सही, किमान दोन साक्षीदार आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदणी हवी. 'पुढे देईन' या नुसत्या वचनाचंही तेच. मायेपोटी, मोबदल्याशिवाय दिलेलं वचन करार कायदा, १८७२ च्या कलम २५ नुसार जवळच्या नात्यातही लेखी आणि नोंदवलेलं लागतं.

तू म्हणशील, माझी सेवा हाच मोबदला. कोर्टात तसं मांडता येईल. पण आत्याबाईंच्या पश्चात वारस सातबाऱ्यावर नाव लावायला येतील, तेव्हा आजच्या चारचौघांपैकी तुझ्या बाजूनं साक्ष कोण देईल? दिवाणी दाव्यात उमेदीची वर्षं निघून जातील.

म्हणून आत्याबाईंशी मोकळेपणानं बोल, पण आजच सही करा असा हट्ट धरू नकोस. ते शेत त्यांची म्हातारपणची काठी आहे. बक्षीसपत्र झालंच, तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहायला तूच सांग. अट मोडली, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ वापरून न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं. अटच नसेल तर हे कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. मृत्युपत्र केलं, तर ते हयातीत कधीही बदलण्याचा हक्क त्यांचाच, हे मनाशी पक्कं ठेव.

आता शेत मिळणारच नाही असं धर आणि स्वतःला विचार, तरीही आत्याबाईंकडे जाशील का? उत्तर 'हो' असेल, तर खुशाल जा. मी पाठीशी आहे. 'नाही' असेल, तर नोकरी राख, घरी मदतीला बाई लावून दे, औषधपाण्याचे पैसे दरमहा पाठव, सणासुदीला जाऊन राहा. जमिनीच्या आशेनं केलेली सेवा तुलाही जड होईल आणि त्यांनाही ती कळल्याशिवाय राहणार नाही.

तुझा मामा