माडाची बुंधाकूज व मुळावाटे औषधोपचार

फवारलेले औषध पानांवर पडते. परंतु खोडाच्या आत वाढणाऱ्या बुरशीपर्यंत ते पोचत नाही. म्हणून युरोप-अमेरिकेत एल्म वृक्षांच्या खोडास बारीक भोके पाडून त्यांतून बुरशीनाशक आत सोडतात. मुळांनी शोषलेले पाणी ज्या नलिकांतून वर चढते, त्यांतूनच हे औषध शेंड्याकडे जाते. हे ऐकून, माडाच्या खोडासही गिरमिटाने भोक पाडावे काय, असे काही बागायतदार विचारतात. त्यांना आमचे उत्तर असे की, पाडू नये.

एल्म, आंबा अशा वृक्षांच्या सालीखाली नव्या पेशी निर्माण करणारा थर असतो. त्यामुळे जखम कालांतराने नव्या लाकडाखाली झाकली जाते. माड हा एकदल वृक्ष असून त्याच्या खोडात असा थर नसतो. एकदा पडलेले भोक जन्मभर राहते आणि बुरशीला व सोंड्या भुंग्याला ते आयतेच दार होते. उलट, माडाला नवी मुळे सतत फुटत असल्याने एखादे मूळ कापल्यास त्याचे नुकसान होत नाही.

गॅनोडर्मा बुरशीमुळे होणारी बुंधाकूज तमिळनाडूतील तंजावर भागात १९५२ मध्ये नोंदली गेली. पुढे ती महाराष्ट्रासह इतर राज्यांतही आढळली. प्रथम मुळे कुजतात, खालच्या झावळ्या पिवळ्या पडून लोंबतात आणि बुंध्यातून तांबूस तपकिरी द्रव झिरपतो. बुंध्यावर छत्रीसारखी बुरशी दिसू लागली म्हणजे उपचाराची वेळ बहुधा टळलेली असते.

औषध देण्याची रीत अशी :

१. तयार नारळ आधी उतरवून घ्यावेत.

२. बुंध्याजवळची माती हलकेच उकरून पेन्सिलीएवढे जाड, ताजे व जिवंत मूळ निवडावे आणि त्याचे टोक धारदार चाकूने तिरके कापावे.

३. हेक्झाकोनॅझोल (५ टक्के) २ मिलिलिटर, १०० मिलिलिटर पाण्यात मिसळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्यावे. कापलेले टोक तळापर्यंत बुडवून पिशवीचे तोंड मुळाभोवती बांधावे.

४. दुसऱ्या दिवशी पिशवी पाहावी. औषध शोषले गेले नसल्यास दुसरे मूळ निवडावे.

५. दर तीन महिन्यांनी हा उपचार पुन्हा करावा. हातमोजे अवश्य वापरावेत.

पूर्वी या कामी सुचविले जाणारे ट्रायडेमॉर्फ भारतात २०१८ पासून प्रतिबंधित आहे. जुना साठा असला तरी वापरू नये.

एका मुळावाटे दिलेले औषध वर चढते. इतर मुळांकडे व मातीकडे ते वळत नाही. रोगाचे मूळ ठाणे तर मातीतच असते. म्हणून प्रत्येक माडास वर्षाला ५ किलो निंबोळी पेंड व ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा एकत्र करून आळ्यात द्यावे. रोगट माडाभोवती दोन फूट खोल व एक फूट रुंद चर खणावा. त्याच्या आळ्यातील पाणी निरोगी माडाकडे जाऊ देऊ नये. मेलेला माड नुसता तोडून भागत नाही. बुंधा व मुळे खणून नष्ट करावीत, कारण बुरशी त्यांतच टिकून राहते.

औषध रोगाला थोपविते. कुजलेला भाग ते पुन्हा उभा करीत नाही. यास्तव बागायतदारांनी पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रत्येक माडाचा बुंधा स्वतः पाहावा. तांबूस डाग दिसताच जवळच्या कृषी अधिकाऱ्यास दाखवून रोगाची खात्री करून घ्यावी. वेळीच ओळखलेला एक रोगी माड शेजारच्या अनेक माडांचे रक्षण करतो.