वसतिगृहातील खोली आणि तिचे अंदाजपत्रक

शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या विद्यार्थ्याचा खर्च म्हटला, की महाविद्यालयाचे शुल्क, वसतिगृहाचे भाडे आणि खानावळ या तीन बाबी कुटुंबाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभ्या राहतात. त्या मोठ्या असतात, त्यांच्या पावत्या मिळतात आणि त्या केव्हा भरावयाच्या हे आधीच ठाऊक असते. चौथी बाब मात्र बहुधा हिशेबाबाहेर राहते. ती म्हणजे खोलीतील सामान: गादी, बादली, कुलूप, दिवा, साबण, झाडू. यांतील प्रत्येक वस्तू किरकोळ वाटते. परंतु सर्वांची बेरीज किरकोळ नसते. शिवाय हा खर्च नेमका त्या आठवड्यात येतो, ज्या आठवड्यात शुल्क भरून घरातील रोकड संपत आलेली असते. म्हणून या लहान खर्चाचे अंदाजपत्रक मोठ्या खर्चाइतकेच काळजीपूर्वक करावयास हवे.

जुनी परंपरा

महाराष्ट्राला वसतिगृहाच्या हिशेबाची ओळख नवी नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्यापुढे तेथे निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी इतकी वसतिगृहे उभी राहिली, की त्या नगरीला विद्यार्थी वसतिगृहांची जननी असे म्हटले जाऊ लागले. त्याआधी गरीब विद्यार्थ्याला वार लावून जेवावे लागे किंवा माधुकरी मागावी लागे. डोक्यावर छप्पर आणि ठरलेल्या वेळी अन्न मिळाल्याखेरीज खेड्यातील मूल शहरात टिकत नाही, हे या वसतिगृहांनी दाखवून दिले.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे मुलेच स्वयंपाक करीत आणि श्रमाची कामेही करीत. मुलांच्या अन्नासाठी पैसा उरला नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही विकण्यास काढून दिले. एका वसतिगृहाचा जमाखर्च जुळविण्यासाठी कोणाला काय मोल द्यावे लागते, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

विद्यार्थ्याने स्वतः हिशेब ठेवण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण गांधीजींचे आहे. १८८८ मध्ये ते लंडनला गेले, तेव्हा आरंभी त्यांचा खर्च बराच होता. पुढे त्यांनी दर पैशाची नोंद ठेवण्यास सुरुवात केली. नोंद डोळ्यांपुढे येताच कोठे कपात करता येईल हे दिसू लागले. मग त्यांनी आठवड्याला आठ शिलिंग भाड्याची एकच खोली घेतली, शेगडी आणून सकाळची न्याहारी स्वतः शिजविली आणि पायी चालण्याचा प्रघात ठेवला. आधी नोंद, मग कपात, हा त्यांचा क्रम होता आणि तो आजही तितकाच उपयोगी आहे.

देवनहळ्ळीचे उदाहरण

आता आजचा एक प्रसंग कल्पावा. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला देवनहळ्ळीजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. देवनहळ्ळी हे बेंगळूरच्या उत्तरेचे जुने गाव. येथील किल्ला मूळचा १५०१ मधील. टिपू सुलतानाचा जन्मही याच गावचा. येथील चकोता, म्हणजे आपल्याकडील पपनस, प्रसिद्ध असून त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. २००८ मध्ये जवळच बेंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला आणि या परिसराचे रूप पालटले. शेते आणि द्राक्षबागा यांच्या शेजारी इमारती, रस्ते आणि महाविद्यालये उभी राहिली.

जत हा सीमेवरचा तालुका असल्याने या मुलीला कानडी थोडेफार कळते. बाजारात 'एष्टु?' म्हणून भाव विचारण्याइतकी भाषा तिच्यापाशी आहे. परंतु घराचा पैसा यंदा शुल्कात गुंतला आहे, हेही तिला कळते. म्हणून सामानाची यादी करताना ती वडिलांना म्हणते, "अप्पा, गादी नको. मी सतरंजीवर झोपेन." वडीलही क्षणभर गप्प राहतात, कारण नको हे उत्तर त्यांच्याही सोयीचे असते. येथेच अंदाजपत्रकाचे खरे काम सुरू होते. जे न बोलता सोडून दिले जाते, ते कागदावर आणणे हा त्याचा पहिला हेतू होय.

देवनहळ्ळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. येथे उन्हाळा जतइतका कडक नसतो. पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असतात आणि फरशीवर सतरंजी टाकून झोपणे सोसत नाही. नैर्ऋत्य मोसमी पावसानंतर ऑक्टोबरातही येथे चांगला पाऊस पडतो. यास्तव येथे पंख्यापेक्षा पांघरुणाची, छत्रीची आणि कपडे वाळत घालण्याच्या सोयीची निकड अधिक. यादी स्थळ पाहून करावी, दुसऱ्याची यादी उतरवून घेऊ नये, हा त्यातील बोध आहे.

यादीचे चार भाग

प्रथम वसतिगृहाकडे चौकशी करावी. खाट, टेबल, खुर्ची, कपाट यांपैकी काय मिळते? गादी मिळते काय? कोणती उपकरणे वापरण्यास मनाई आहे? एवढ्या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी निम्मी यादी आपोआप ठरते. मनाईच्या उपकरणांकडे विशेष लक्ष द्यावे. पाणी तापविण्याची १५०० वॅटची कांडी २३० व्होल्टच्या प्रवाहावर सुमारे साडेसहा अँपिअर वीज ओढते. खोलीतील साधा खटका सहा अँपिअरचा असतो. म्हणजे नियम मोडून घेतलेली ही वस्तू जप्त झाली तर पैसा वाया, आणि न झाली तर आगीचा धोका.

त्यानंतर यादीचे चार भाग करावे.

पहिला भाग घरून न्यावयाच्या वस्तूंचा. वाकळ, घोंगडे, दोन चादरी, अभ्रे, टॉवेल, ताट, वाटी, पेला आणि पाण्याची बाटली या वस्तू घरात असतात. त्या विकत घेण्याचे कारण नाही. मात्र ओझ्याला मर्यादा आहे. मिरजेहून बेळगावमार्गे बेंगळूरला जाणाऱ्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये शयनयान वर्गाच्या प्रवाशाला ४० किलो सामान विनामूल्य नेता येते. कापसाची गादी या हिशेबात बसविण्यापेक्षा तेथेच घेणे शहाणपणाचे.

दुसरा भाग पहिल्याच दिवशी लागणाऱ्या वस्तूंचा. ज्या वस्तूवाचून पहिली रात्र आणि पहिली सकाळ निभावणार नाही, तीच या भागात यावी.

तिसरा भाग महिनाभर थांबून घ्यावयाच्या वस्तूंचा. महिनाभरात खोलीच्या गरजा कळतात, बाजार कळतो आणि खोलीतील सोबतिणींकडे काय आहे तेही कळते.

चौथा भाग संपणाऱ्या वस्तूंचा: साबण, कपड्यांची पावडर, तेल, दंतमंजन, सॅनिटरी पॅड. यांतील शेवटची बाब संकोचामुळे पुष्कळदा यादीतच येत नाही आणि मुलगी ती अन्नाच्या किंवा पुस्तकाच्या पैशांतून भागविते. आईने ती बाब यादीच्या आरंभी स्वतः लिहावी.

आकड्यांत मांडणी

पुढील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. भाव गावोगावी आणि वर्षागणिक बदलतात. समजा, कुटुंबाने पहिल्या सत्राच्या पाच महिन्यांसाठी सामानाकरिता १२,००० रुपये बाजूला ठेवले.

पहिल्या दिवशी: गादी २,२०० रुपये, उशी ३००, बादली व मग ३५०, कुलूप २५०, मच्छरदाणी ४५०, टेबलावरील दिवा ५००, विजेची जोडपट्टी ४५०, झाडू-सुपली-कचरापेटी ३००, छत्री ४००. एकूण ५,२०० रुपये.

महिन्यानंतर: विजेची किटली (परवानगी असल्यास) ९००, कपडे वाळविण्याची घोडी ८००, पुस्तकांची मांडणी ७००, स्वेटर ९००. एकूण ३,३०० रुपये.

संपणाऱ्या वस्तू: दरमहा ३५० रुपये, पाच महिन्यांचे १,७५० रुपये.

तिन्हींची बेरीज १०,२५० रुपये होते. उरलेले १,७५० रुपये राखीव. ही रक्कम एकूण निधीच्या सुमारे सातव्या हिश्शाइतकी आहे. कुलूप हरवते, चष्मा फुटतो, तापात औषध लागते. राखीव रक्कम अशा प्रसंगांसाठी असते आणि ती न वापरल्यास पुढील सत्राच्या जमेत जाते. वसतिगृहात भरलेली अनामत रक्कम या खर्चात धरू नये. ती परत मिळावयाची असते; तिची पावती मात्र निराळी जपून ठेवावी.

स्वस्त आणि महाग

कोणती वस्तू स्वस्त हे केवळ किंमतीवरून ठरत नाही. वरील २,२०० रुपयांची गादी चार वर्षे टिकली आणि वर्षातून दहा महिने वापरली, तर ती चाळीस महिने चालते. म्हणजे तिचा महिन्याचा खर्च ५५ रुपये. उलट १,४०० रुपयांची हलकी गादी एकाच वर्षात बसली, तर तिचा खर्च महिन्याला १४० रुपये पडतो. रोज वापरावयाच्या आणि शरीराशी संबंध असलेल्या वस्तूंत काटकसर करू नये. शोभेच्या आणि कधीकाळी लागणाऱ्या वस्तूंत अवश्य करावी. सतरंजीवर झोपून आजारी पडणारी मुलगी वडिलांचे पैसे वाचवीत नाही. ती ते औषधाच्या खात्यावर हलविते, एवढेच.

जुने सामान घेण्यासही हरकत नाही. शिक्षण पुरे करून जाणारे विद्यार्थी बादल्या, मांडण्या, दिवे कमी किंमतीत देऊन टाकतात. परंतु वापरलेली गादी घेऊ नये. ढेकूण एकदा खोलीत शिरले की ते घालविण्याचा खर्च नव्या गादीहून अधिक होतो. विजेची जुनी वस्तू तिची तार आणि खटका पाहूनच घ्यावी.

सामाईक खरेदीतही एक खाचखळगा आहे. तिघींनी मिळून किटली घेतली, तर प्रत्येकीचे तीनशे रुपये लागतात खरे. पण वर्षअखेरीस एकीने खोली बदलली की ती कोणाची, हा प्रश्न उभा राहतो आणि मैत्रीत वितुष्ट येते. त्यापेक्षा एकीने किटली घ्यावी, दुसरीने घोडी, तिसरीने इस्त्री. मालकी एकीची आणि वापर सर्वांचा असावा. पैसे तितकेच वाचतात, भांडण मात्र उरत नाही.

वही आणि विश्वास

शेवटची वस्तू सर्वांत स्वस्त आहे: जमाखर्चाची वही. तिच्यात तारीख, बाब, रक्कम आणि शिल्लक असे चार रकाने पुरेत. आज बराचसा खर्च दूरध्वनीवरून चुकता होतो. हातातून नोट गेली की मनाला जाणवते. बोटाच्या स्पर्शाने गेलेला पैसा तसा जाणवत नाही. म्हणूनच त्याच दिवशी रात्री नोंद करण्याची सवय अधिक अगत्याची झाली आहे. महिनाअखेरीस अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी मांडावे. फरक पडला तर तो अपराध नव्हे. पहिल्या अंदाजात फरक पडावयाचाच. दुसऱ्या महिन्याचा अंदाज त्यावरून सुधारावयाचा असतो.

शैक्षणिक कर्जात वसतिगृहाचे शुल्क आणि पुस्तके यांचा समावेश करता येतो. तथापि कर्ज घेतलेल्या कुटुंबाने किरकोळ सामान शक्यतो घरच्या निधीतूनच आणावे. बादली दोन वर्षांत फुटते. तिच्यावरील व्याज मात्र नोकरी लागेपर्यंत चालत राहते.

ही वही पाळत ठेवण्याचे साधन होऊ देऊ नये. वडिलांनी दर रुपयाचा जाब विचारला, की मुलगी खर्च लपवू लागते किंवा गरज लपवू लागते; आणि दुसरी गोष्ट पहिलीहून अधिक वाईट. महिन्यातून एकदा दोघांनी मिळून वही पाहावी, काय कमी पडले हे आधी विचारावे आणि काय जास्त झाले हे नंतर. जतच्या घरात हा प्रश्न निघण्यापूर्वीच अंदाजपत्रक झाले असेल, तर गादीच्या रकान्यापुढे २,२०० हा आकडा लिहिलेला असेल. मग मुलीला 'नको' म्हणावे लागणार नाही आणि वडिलांनाही गप्प राहावे लागणार नाही.