तारण, मुक्ती आणि खंडणी : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील काही शब्दांचा अर्थविचार

सहकारी बँकेच्या दारावरील 'सोने तारण कर्ज' ही पाटी आणि चर्चमधील उपासनेत वारंवार उच्चारला जाणारा 'तारण' हा शब्द यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सामान्य वाचकाच्या मनात येत नाही. एका ठिकाणी तारण म्हणजे कर्जाच्या हमीसाठी ठेवलेली वस्तू, दुसऱ्या ठिकाणी तारण म्हणजे पापाच्या दंडातून होणारी सुटका. 'देव तारी त्याला कोण मारी' या म्हणीत मात्र यांपैकी कोणताच अर्थ नाही. तेथे तारणे म्हणजे अपघातातून, साथीतून, शत्रूच्या हातून जीव वाचवणे. परलोकाचा तेथे प्रश्नच उद्भवत नाही. कोशात हे अर्थ एकाखाली एक क्रमाने मांडता येतात. भाषेत वावरणाऱ्याच्या कानांवर मात्र ते एकदमच पडतात. धर्मविषयक शब्दांच्या अर्थनिश्चितीतील खरी अडचण येथे सुरू होते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्याकडे बहुधा मुद्रणाचा, कोशरचनेचा किंवा गद्याच्या घडणीचा इतिहास म्हणून झाला आहे. परकीय धर्मकल्पनांना मराठी शब्द देताना ज्या निवडी कराव्या लागल्या, त्यांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. वस्तुतः या निवडींमुळे मराठीतील जुन्या शब्दांच्या अर्थच्छटाही उजळून निघतात. म्हणून हा विचार केवळ ख्रिस्ती वाङ्मयापुरता मर्यादित राहू शकत नाही.

'तारण' हा शब्द संस्कृत 'तॄ' या धातूपासून आला आहे. तरणे म्हणजे पाण्यावर राहणे, पलीकडे जाणे. तारणे हे त्याचे प्रयोजक रूप. तारू, तारक, अवतार हे शब्द त्याच कुळातले. संसाराला सागराची उपमा एकदा मान्य झाली की तरणे आणि बुडणे ही जोडी ओघानेच येते. मराठीने ही जोडी पारमार्थिक क्षेत्रापुरती ठेवली नाही. मराठीत कर्ज बुडते, ठेव बुडते, धंदा बुडतो, घराणे बुडते. सावकाराचा पैसा बुडू लागला असता जी वस्तू त्याला वर काढते ती तारण. बँकेच्या पाटीवरील शब्द आणि उपासनेतील शब्द या दोहोंच्या मागे हे एकच चित्र उभे आहे, असे समजण्यास हरकत नाही. व्यवहाराची आणि परमार्थाची भाषा या ठिकाणी वेगळी करता येत नाही, आणि ती तशी करू नये हेच बरे.

मोक्ष आणि मुक्ती हे शब्द 'मुच्' या धातूचे. त्यांमागील चित्र पाण्याचे नाही, बंधनाचे आहे. गाठ सुटणे, दावे सुटणे, जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे. तरणाऱ्याला पैलतीर असतो. सुटणाऱ्याला कोठे जावयाचे असतेच असे नाही. दर्शनग्रंथांत मोक्षाला जे स्थान आहे, ते मराठी संतांनी जसेच्या तसे स्वीकारले नाही, ही गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता या चार मुक्तींची परिभाषा त्यांना पूर्ण अवगत होती. परंतु भक्तिसुखापुढे मुक्ती तुच्छ मानण्याची भूमिका वारकरी वाङ्मयात पुन्हा पुन्हा आढळते. तुकारामांनी तर मुक्तीपेक्षा पुन्हा गर्भवास पत्करण्याची तयारी दाखवली आहे. म्हणजे 'मुक्ती' हा शब्द मराठीत परमोच्च ध्येयाचा वाचक असला, तरी त्याच्याकडे किंचित पाठ फिरवण्याची रीतही त्याच मराठीत रूढ होती. परक्या धर्माने हा शब्द उचलला, तेव्हा ही सर्व सामग्री त्याच्याबरोबर आली.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये त्याचे निधन झाले. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले; म्हणजे एकनाथांच्या निर्वाणानंतर अवघ्या सतरा वर्षांनी. नवख्रिस्ती झालेल्या मंडळींची पूर्वीची पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी वाचावयास काही नव्हते, या उणिवेचा उल्लेख ग्रंथारंभीच येतो. पुराणाची जागा पुराणानेच भरून काढावयाची, तर ओवी हवी आणि ओवीबरोबर तिचे शब्दही हवेत. म्हणून स्टीफन्सचा स्वर्ग हा 'वैकुंठ' आहे. विष्णूच्या निवासाचे नाव ख्रिस्ताच्या पित्याच्या निवासाला देताना स्टीफन्सला त्यातील धोका दिसला नसेल, असे म्हणवत नाही. भाषेवर त्याचे प्रभुत्व असाधारण होते, त्यामुळे ही अनवधानाने झालेली चूक ठरत नाही. श्रोत्याच्या मनात परमधामाविषयी जो आदर आधीच साठलेला आहे तो संपूर्ण उचलावयाचा आणि त्याचा मालक तेवढा बदलावयाचा, असे हे धोरण होते.

गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत याच्या खुणा आजही आढळतात. नरकाला तेथे 'येमकोंड' म्हणतात. यमकुंडातला यम कॅथलिक नरकात अद्याप टिकून आहे. फक्त त्याची कोणाला आठवण राहिलेली नाही. 'देवचार' या शब्दाचे भाग्य याहून विलक्षण. गोव्यातील हिंदूंच्या लेखी देवचार हा गावाचा राखणदार. त्याला नैवेद्य दाखवतात आणि रात्रीच्या वाटेवर तो सोबत करतो, अशी श्रद्धा आहे. ख्रिस्ती कोंकणीत मात्र देवचार म्हणजे सैतान. एकाच गावात, एकाच बोलीत, एका घरी जो रक्षक तोच शेजारच्या घरी शत्रू. वैकुंठ हा शब्द सन्मानाने उचलला गेला, देवचार शिक्षा देऊन. धर्मांतरात शब्दांचेही धर्मांतर होते, पण सर्वांचे सारख्या रीतीने होत नाही.

एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट भाषांतरकारांनी निराळा मार्ग धरला. श्रीरामपूरला विल्यम केरीने वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) सिद्ध केला. १८११ मध्ये तेथून नवा करार मराठीत निघाला. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचल्यानंतर हे कार्य तेथे पुढे चालले. या परंपरेत 'मोक्ष' हा शब्द मध्यवर्ती स्थानी आला नाही. ते स्थान 'तारण' या शब्दाला मिळाले. मोक्षात स्वतःच्या ज्ञानाने किंवा साधनेने सुटण्याची कल्पना प्रबळ आहे. तारण या शब्दाला मात्र तारणारा लागतो. बुडणारा स्वतःला तारू शकत नाही. ख्रिस्ती सिद्धान्ताला जे सांगावयाचे होते, ते या प्रयोजक क्रियापदात व्याकरणानेच सामावले होते.

तरीही मूळ शब्दाचा पूर्ण विस्तार 'तारण' या शब्दात मावला नाही. ग्रीक शुभवर्तमानांत रोग्याला बरे करणे आणि पाप्याला तारणे या दोहोंसाठी एकच क्रियापद अनेक स्थळी येते. मराठी भाषांतरात त्याची फाळणी होते. रोग बरा होतो, आत्मा तारला जातो. ग्रीक वाचकाला येशूच्या आजारी स्त्रीशी झालेल्या संवादात जो द्व्यर्थ ऐकू येत असेल, तो मराठी वाचकापर्यंत पोहोचत नाही. यात भाषांतरकाराचा दोष नाही. मराठीत शरीराचे बरे होणे आणि जिवाचे तरणे यांची दालनेच वेगळी आहेत.

सर्वांत सोपा वाटणारा आणि प्रत्यक्षात सर्वांत फसवा शब्द 'पाप' होय. तो भाषांतरकाराला आयता मिळाला आणि कोणी त्यावर वाद घातला नाही. पण मराठीत पाप एकटे राहत नाही. पुण्य त्याचा जोडीदार. पापपुण्य हा समास द्वंद्व आहे आणि त्याच्यामागे हिशेबाची वही आहे. वहीत जमा आणि नावे या दोन्ही बाजू असतात, एकीची भर दुसरीने काढता येते. तीर्थस्नान, दान, व्रत ही जमेची बाजू. ख्रिस्ती सिद्धान्तात पापाचा विरुद्धार्थी शब्द पुण्य नाही, कृपा आहे. आणि कृपा मिळवता येत नाही, ती स्वीकारावी लागते. 'पाप' हा शब्द मराठी श्रोत्याने ऐकताच त्याच्या मनात वही उघडली जाते आणि धर्मोपदेशकाला तर वहीच बंद करावयाची असते. शब्द समान, परंतु त्याची प्रतियोगी संज्ञा बदललेली, असा हा प्रकार आहे. जन्मतःच माणूस पापी असतो, हे विधान मराठी माणसाला का पटत नसे, याचा उलगडाही येथेच होतो. ज्याने अद्याप काही केलेच नाही, त्याच्या नावे खाते कसे उघडावे? पूर्वजन्मीचे पाप म्हटले तर त्याला ते समजते. आदिपुरुषाचे पाप म्हटले तर समजत नाही.

'ऋण' या शब्दाची स्थिती याहून नाजूक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत अपराधांसाठी मूळ ग्रीकमध्ये देणे किंवा कर्ज या अर्थाचा शब्द आहे, आणि प्रचलित मराठी बायबलमध्ये तेथे 'ऋण' हा शब्द योजला आहे. मुळाशी तो अगदी प्रामाणिक आहे. परंतु देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण या तीन ऋणांच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ऋण ही लाजिरवाणी गोष्ट वाटत नाही. ऋण हे नात्याचे लक्षण आहे. यज्ञाने, अध्ययनाने आणि संततीने ते फेडावयाचे असते. मराठीत ऋणात राहणे हा कृतज्ञतेचा उद्गार आहे. 'मी आपला ऋणी आहे' असे म्हणणारा ऋण माफ करा असे सुचवीत नसतो. ऋण फेडणे आणि ऋण सोडणे या दोन क्रियापदांतील अंतर म्हणजे दोन धर्मदृष्टींतील अंतर होय. प्रार्थनेतील तो शब्द रोज उच्चारणाऱ्या श्रद्धावंताला हे अंतर जाणवत नाही. सवयीने शब्द गुळगुळीत होतो. नव्याने ऐकणारा मात्र तेथे अडखळतो.

'खंडणी' हा शब्द काळाने अडचणीत आणला. येशूने पुष्कळांसाठी आपला प्राण मोबदला म्हणून दिला, या कल्पनेसाठी मराठी बायबलने तो वापरला आणि पौलाच्या पत्रांतही खंडणी आणि मुक्ती यांची सांगड घातली. ज्या काळी हा शब्द निवडला गेला, त्या काळी मराठी राज्याच्या स्मृती ताज्या होत्या. शहर लुटीतून वाचवण्यासाठी किंवा परचक्र टाळण्यासाठी भरावयाची रक्कम ती खंडणी. ती भरली की जीव वाचत. सुटकेचे मूल्य हा अर्थ त्यात स्पष्ट होता. आज वर्तमानपत्रात खंडणी मागणारा हा गुंड असतो आणि खंडणी देणारा हा भेदरलेला व्यापारी. मग ईश्वरी कार्याच्या संदर्भात हा शब्द आला की नवा वाचक साहजिकच विचारतो, ही खंडणी मागितली कोणी? गंमत अशी की, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मशास्त्रालाही नवा नाही. ख्रिस्ताच्या प्राणाचे मूल्य कोणाला चुकते झाले, सैतानाला की पित्याला, यावर आरंभीच्या शतकांपासून वाद झाले आहेत. मराठी शब्दाच्या अर्थापकर्षाने एक जुना प्रश्न नकळत पुन्हा उभा केला.

काही शब्द याच्या उलट सुदैवी ठरले. इजिप्तमधील इस्राएली लोकांची घरे मृत्यूने ओलांडून गेल्याच्या स्मरणाचा सण मराठीत 'वल्हांडण' झाला. ओलांडणे या अर्थाच्या 'वल्हांडणे' या जुन्या मराठी क्रियापदावरून घडवलेला हा शब्द. क्रियापद व्यवहारातून लोपले, सणाचे नाव टिकले. 'मंडळी' या शब्दाबद्दल तर भाषांतरकारांचे अभिनंदनच करावयास हवे. श्रद्धावंतांचा समुदाय या अर्थी तो शब्द योजला गेला. जुन्या मराठी घरात मात्र 'आमची मंडळी' म्हणजे पत्नी. पौलाने ख्रिस्त आणि त्याचा समुदाय यांच्या नात्याला पतिपत्नीच्या नात्याची उपमा दिली आहे. हा मेळ हेतुपुरस्सर साधलेला नसावा, परंतु भाषेने तो साधून दिला. धर्मशास्त्राच्या ज्यू जाणकारांना 'शास्त्री' म्हणण्यात मात्र निरागसता शोधणे कठीण आहे. येशू ज्यांची खरडपट्टी काढतो ते शास्त्री, असे वाचताना पुण्यातील वाचकाच्या डोळ्यांपुढे जेरुसलेम खासच येत नसेल.

जेथे मराठी शब्द अर्थाचे फार ओझे घेऊन येतो, तेथे परका ध्वनी ठेवणे हा एक उपाय असतो. 'बाप्तिस्मा' हा तसा शब्द. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणे असा आहे. बंगालीत श्रीरामपूरच्या परंपरेतील बॅप्टिस्ट भाषांतरकारांनी तो अर्थ शब्दात आणण्याचा आग्रह धरला आणि १८३० च्या दशकात त्यावरून बायबल सोसायटीशी त्यांचा मोठा बेबनाव झाला. मराठीत असा शब्द रूढ झाला असता तर काय घडले असते, याची कल्पना करता येते. या भाषेत बुडणे हा तरण्याचा नेमका विरोधी शब्द आहे आणि 'धर्म बुडवला' हा धर्मांतर करणाऱ्यावर समाजाने ठेवलेला ठरावीक आरोप. तारणासाठी बुडवून घ्यावयाचे, हा विरोधाभास पौलाला प्रिय झाला असता. एकोणिसाव्या शतकातील मराठी नवख्रिस्त्याला तो झेपला नसता. विसाव्या शतकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'धर्म' हा शब्द बाजूला ठेवून पालीतील 'धम्म' हे रूप स्वीकारले, त्यामागील विचार वेगळा असला तरी भाषिक युक्ती काहीशी याच जातीची आहे. केवळ एका जोडाक्षराच्या बदलाने जुन्या शब्दाचा वर्णव्यवस्थेशी असलेला संबंध तोडून दाखवला गेला, आणि १९५६ नंतरच्या मराठीत हे दोन शब्द दोन स्वतंत्र अर्थांनी नांदू लागले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि पंडिता रमाबाई हे दोघेही ब्राह्मण कुळांत जन्मलेले, दोघेही संस्कृतज्ञ आणि दोघेही ख्रिस्ती. शब्दांच्या बाबतीत मात्र दोघांनी परस्परविरुद्ध दिशा धरल्या. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्यांनी अभंग ही रचना स्वीकारली, ख्रिस्ताला गुरू म्हटले आणि १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' उभा केला. संतांचे शब्द त्यांना अडसर वाटले नाहीत, ते त्यांना वारसा वाटले. रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशी साधी मराठी त्यांना हवी होती. पुराणांचे ज्ञान त्यांना जन्मापासून होते, म्हणूनच रूढ धार्मिक शब्दांमागे काय काय दडलेले असते याची जाणीव त्यांना इतरांहून तीव्र होती. आणि तरीही आपल्या संस्थेला त्यांनी नाव दिले ते 'मुक्ती'. विधवा, परित्यक्ता आणि दुष्काळपीडित मुली यांच्या निवाऱ्याला दिलेल्या त्या नावात चार मुक्तींपैकी एकही नाही. उपासमारीतून, केशवपनातून आणि आश्रितपणातून सुटणे, एवढा साधा अर्थ त्या शब्दाला तेथे पुन्हा प्राप्त झाला. दावे सुटण्याच्या मूळ चित्राशी तो अधिक जवळचा आहे.