व्यवसायोपचार आणि आपली निवासी शाळा : एका लहान हाताच्या निमित्ताने

‘व्यवसायोपचार’ हा शब्द आम्ही प्रथम एका पालकांना समजावून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी विचारले, “गुरुजी, सहा वर्षांच्या लेकराला कोणता धंदा शिकवणार?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून धंदा वाटून दिला गेला, त्या समाजाच्या कानाला ‘व्यवसाय’ हा शब्द सहज गोड लागणार नाही. येथे मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. माणूस दिवसभर ज्या कामांत गुंतलेला असतो, ती सारी कामे म्हणजे त्याचे व्यवसाय. लहान मुलाचे व्यवसाय कोणते? जेवणे, अंघोळ करणे, कपडे घालणे, खेळणे, अक्षर गिरवणे. अपंगत्वामुळे ही कामे अडली, की ती मुलाच्या हाती यावीत म्हणून त्या कामांच्याच द्वारे जो उपचार केला जातो, तो व्यवसायोपचार.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून दोन नोंदी येथे करून ठेवतो. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांना पुन्हा उभे करण्याच्या कामात या शास्त्राला बळ मिळाले. आपल्या देशात त्याचे पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, ते मूळच्या अमेरिकन व विवाहानंतर भारतीय झालेल्या कमलाबाई निंबकर यांच्या प्रयत्नाने. म्हणजे ही विद्या आपल्या राज्यात सत्तर वर्षांहून अधिक काळ आहे. आमच्यापर्यंत ती पोहोचली एका मुलीमुळे.

ही मुलगी दोन वर्षांपूर्वी पहिलीत दाखल झाली. आईवडील ऊसतोडीला जाणारे. जन्मल्यावर ती उशिरा रडली, एवढेच आईला सांगता येत होते. सेरेब्रल पाल्सीमुळे तिची डावी बाजू दुबळी होती. पाय किंचित ओढत चाले आणि डाव्या हाताची मूठ अंगठा आत घेऊन मिटलेली असे. बुद्धी मात्र तल्लख. पाढे ती आमच्याआधी म्हणून मोकळी होई.

वसतिगृहात सर्वांनी तिच्यावर माया केली. ताई तिला भाकरी कुस्करून देत, मैत्रिणी दप्तर उचलत, कोणी बटणे लावून देई. आम्हाला याचा अभिमान वाटे. त्याच आम्ही, सकाळच्या वंदनेच्या वेळी ती एकच हात छातीशी धरून उभी राहिली म्हणून, “दोन्ही हात नीट जोड,” असे सर्वांसमोर तिला दरडावलो होतो. तिने डावा हात फ्रॉकच्या घडीत लपवला. त्या दिवसापासून तो हात आम्हाला फारसा दिसलाच नाही. माया करणाऱ्या आणि दरडावणाऱ्या आमच्यात, आज विचार करता, फारसे अंतर नव्हते. दोघांनीही तो हात हिशेबात धरला नव्हता.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला आले आणि त्यांनी तिला जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले. तेथील व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला एका बाजूला बसवले आणि मुलीला विचारले, “तुला स्वतःला काय करायचंय?” आमच्या मनात ‘लेखन’ हे उत्तर तयार होते. ती म्हणाली, “मला भाकर मोडायचीय. कुस्करलेली नको.”

उपचार तेथूनच सुरू झाला. बाईंचे म्हणणे असे, की डावा हात उजव्यासारखा होईल अशी आशा दाखवू नये. तो उजव्याचा मदतनीस झाला पाहिजे. मेंदूला झालेली इजा भरून निघत नाही. मात्र न वापरलेला हात आणखी आखडत जातो आणि मुलाच्या मनातूनही उतरतो. म्हणून एका हाताने उरकणार नाहीत अशी कामे द्यायची : भुईमुगाच्या शेंगा सोलणे, कणकेचा गोळा दाबणे, ओला रुमाल पिळणे, डब्याचे झाकण उघडणे. जेवताना डाव्या हाताने ताट धरायचे, उजव्याने भाकरी मोडायची.

अडचण आली ती स्वयंपाकघरात. “डावा हात ताटाला लावू नये,” असे वाढणाऱ्या मावशींनी तिला बजावले. विटाळाचा इतिहास आम्ही नववीला शिकवतो. आणि आमच्याच पंगतीत एका मुलीचा हात बाजूला ठेवला जात होता. मावशींना दोष देण्यात अर्थ नव्हता, लहानपणी आम्हालाही हेच सांगितले गेले होते. आम्ही तिच्या शेजारी बसलो आणि डाव्या हाताने आपले ताट धरून जेवलो. चौथ्या दिवशी मावशींनी स्वतःच तिच्या ताटाखाली ओला फडका घातला, ताट सरकू नये म्हणून. ती युक्ती बाईंनी सांगितलेलीच होती. मावशींनी ती ऐकून ठेवली होती, हे आम्हाला तेव्हा कळले.

शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी एक रीत म्हणजे शेवटाकडून शिकवणे. बटण लावणे हे काम आपण सुरुवातीपासून शिकवतो, मूल मध्येच अडते, आणि उरलेले काम आपण उरकून टाकतो. परिणामी काम पूर्ण केल्याचा आनंद मोठ्यांना मिळतो आणि अपयश मुलाला. बाईंनी उलट सांगितले. बटण काजातून अर्धे बाहेर काढून द्या, फक्त शेवटचे ओढणे तिला करू द्या. ते जमले की त्याआधीची पायरी तिची. अशा रीतीने प्रत्येक वेळी काम तिच्याच हातून संपते. एक बटण पूर्णपणे तिचे व्हायला आम्हाला सात आठवडे लागले. हा सराव सकाळच्या घाईत करायचा नाही, रविवारी दुपारी करायचा, हेही आम्ही चुकूनच शिकलो. कपडे घालताना दुबळा हात आधी बाहीत, काढताना शेवटी, एवढी सोपी गोष्ट आम्हाला पन्नाशीत कोणी सांगावी लागली!

मिटलेली मूठ जोराने उघडू नये. अंगठ्याचे टोक ओढणे तर टाळावेच. मनगट हलके आत वाकवले की बोटे आपोआप सैल होतात. मग अंगठा मुळाशी धरून सावकाश बाहेर आणावा. चांगला हात काही वेळ बांधून दुबळ्याला काम देण्याची पद्धतही आहे, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. आपल्या मनाने करू नये. बसण्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. वर्गात तिचे पाय बाकावरून लोंबकळत होते, त्यामुळे अंग सावरण्यातच तिची शक्ती जाई. पायांखाली लाकडी पाट दिल्यावर अक्षर सुधारले. वही सरकू नये म्हणून पॅडला चिमटा लावला. शौचालयाच्या भिंतीला लोखंडी दांडी बसवून घेतली. तिचा उपयोग आता आमच्या वयस्कर सहकाऱ्यांनाही होतो.

सारे सरळ घडले असे नाही. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आईवडील तिला सोबत फडावर घेऊन गेले आणि ती सहा आठवडे उशिरा परतली. मूठ पुन्हा घट्ट झाली होती. आमचा संताप झाला. पण गावी म्हातारी आजी आजारी, लेक कोणाजवळ ठेवावी, या आईच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी सुट्टीतही वसतिगृहाची एक खोली उघडी ठेवण्याचे संस्थेने मान्य केले.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा अधिकार आहे. आम्ही हे पालकांना मुद्दाम सांगतो, कारण ते आमच्यासमोर हात जोडून ‘उपकार झाले’ म्हणतात. दाखल्यासाठी त्यांना तीन खेपा घालाव्या लागल्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली; उपकाराची भाषा उलट दिशेने व्हायला हवी.

ती आता तिसरीत आहे. वंदनेला डावा तळहात उजव्याला पूर्ण टेकत नाही, बोटे थोडी वाकलेली राहतात. भाकरी स्वतः मोडते. वेणी अजून ताईच घालून देतात. या सत्रात काय शिकायचे, असे बाईंनी विचारले तेव्हा तिने वेणीच सांगितली. ते दोन्ही हातांचे अवघड काम आहे, वेळ लागेल, असे बाई म्हणाल्या. तूर्त ती रविवारी दुपारी खिडकीच्या गजाला बांधलेल्या सुतळीच्या तीन पेडांवर सराव करते.