उपवासाचे ताट आणि घरच्या स्त्रीची प्रकृती

आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचे चार महिने आपल्या घरांतून व्रतांचे महिने म्हणून पाळले जातात. एकादशा, श्रावणी सोमवार, मंगळागौर, हरितालिका, ऋषिपंचमी आणि पुढे नवरात्राचे नऊ दिवस, ही सारी मालिका बहुतांशी घरातील स्त्रियाच चालवितात. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांत तर तीत गुजराती शेजाराचीही भर पडली आहे. आषाढात शेजारच्या मुली पाच दिवस अळणी खाऊन गौरीव्रत करू लागल्या की आपल्या मुलीही त्यांच्या जोडीला बसतात. या व्रतांच्या कथा व पूजाविधी यांविषयी आपण नेहमी वाचतो व ऐकतो. व्रत करणाऱ्या देहाचा विचार मात्र क्वचितच होतो. तो येथे करण्यास जे कारण घडले ते प्रथम सांगतो.

गेल्या हरितालिकेच्या रात्री सभामंडपात जागरण चालले होते. तिशी नुकतीच ओलांडलेली एक भगिनी फुगडी खेळता खेळता डोळ्यांपुढे अंधारी येऊन एकाएकी खाली बसली. पहाटेपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. दिवसभर घरच्यांचा दोन वेळचा स्वयंपाक आणि दुसऱ्या दिवशीच्या गणपतीची तयारी तिने एकटीने उरकली होती. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी वारा घातला. पुढच्या आठवड्यात रक्ततपासणी झाली तेव्हा हिमोग्लोबिन ७.६ निघाले. डॉक्टरांनी सांगितले, की ही उणीव एका दिवसाच्या उपवासाने आलेली नाही, ती फार दिवसांची आहे. जिना चढताना दम केव्हापासून लागतो असे विचारता, ‘दोन वर्षे झाली असतील’ असे तिने सहज सांगितले. घरात ते कोणाच्या ध्यानी आले नव्हते आणि तिने स्वतःही ते मनावर घेतले नव्हते.

प्रौढ स्त्रीच्या रक्तात दर १०० मिलिलिटरला निदान १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असावे, गरोदरपणी ११ हून खाली येऊ नये, असा सर्वमान्य दंडक आहे. आठाहून कमी म्हणजे तीव्र रक्तक्षय. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि आपण राहतो त्या गुजरातेत हे प्रमाण ६५ टक्के होते. तेव्हा मंडपात बसलेल्या दहा भगिनींत अशा सहा असू शकतात, हे ध्यानी घेऊनच पुढचे वाचावे.

स्त्रीलाच ही उणीव अधिक का, याचे उत्तर कठीण नाही. ऋतुकाळी दर महिन्यास साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. कित्येकींचे ८० हूनही अधिक जाते, आणि तेवढे गेल्यास तो आजार समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा. त्यावर बाळंतपणे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जी प्रमाणे ठरविली त्यांत पुरुषास दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे आणि स्त्रीस २९. गरज जिची दीडपट, तिच्याच ताटात सर्वांचे झाल्यावर उरलेली आमटी पडते, आणि वर्षातील उपवासही तीच अधिक करते. हा हिशेब आम्हांस कोणत्याही बाजूने जुळताना दिसत नाही.

आता उपवासाच्या ताटाकडे वळू. साबुदाणा म्हणजे टॅपिओका नावाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ पिष्टांश. त्यात प्रथिने नाममात्र आणि लोह नगण्य. खिचडीत जे काही पोषण असते ते शेंगदाण्याच्या कुटाचे. गंमत अशी, की खिचडीतला साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज वगैरे दर्यावर्दी लोकांच्या मागून गेल्या चारपाचशे वर्षांत ते आपल्याकडे आले. राजगिऱ्याचे दाणेही त्यांचेच सहप्रवासी मानले जातात. यास्तव ‘खिचडी नसेल तर उपवास कसला?’ असा आग्रह धरण्यास जुना आधार नाही. रूढीने जे आत घेतले त्यातले चांगले निवडण्यासही हरकत नसावी.

निवडायचे झाल्यास आम्ही राजगिरा निवडू. त्याच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ८ मिलिग्रॅम लोह आणि १३ ग्रॅम प्रथिने असतात. त्याची भाकरी, लाह्या दुधातून, किंवा गुळातली वडी, कशीही चालते. वरीचे तांदूळ, ज्यांना येथे मोरैयो म्हणतात, दाण्याच्या आमटीबरोबर पोटभर होतात. बाजारात श्रावण लागताच फराळी चेवडा आणि फराळी पेटीस यांचे ढीग दिसू लागतात. नाव फराळी असले तरी तो तेलात तळलेला बटाटाच आहे. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी तो खाणे यात व्रतही नाही आणि पथ्यही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चहाविषयी थोडे अधिक लिहावे लागेल, कारण उपवासाच्या दिवशी पोटाची समजूत काढण्याचे काम आपल्याकडे चहाच करतो. चहातील तुरट द्रव्ये अन्नातले लोह बांधून ठेवतात आणि ते रक्तात उतरत नाही. जेवण किंवा फराळ आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर असावे. उलट लिंबू आणि आवळा यांतील क जीवनसत्त्वाने लोह चांगले पचनी पडते. राजगिऱ्याच्या थालिपिठाबरोबर चहाऐवजी लिंबाचे सरबत घेतले तर त्याच थालिपिठाचे मोल वाढते. रोजच्या जेवणातही पालेभाजीवर लिंबू पिळावे आणि जमेल तेथे लोखंडी कढई वापरावी. आपल्या आज्यांच्या चुलीवरून ती अकारण उतरविली गेली.

ज्यांचे हिमोग्लोबिन फार उतरले आहे त्यांना केवळ आहाराने ते भरून काढता येत नाही, गोळ्या घ्याव्या लागतात. २०१८ साली सुरू झालेल्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर स्त्रीस चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह व फॉलिक आम्ल असलेली गोळी निदान १८० दिवस द्यावी असे ठरले आहे. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. या गोळ्यांनी शौचास काळे होते, कोणास मलावरोध होतो. त्याने घाबरून त्या कपाटात ठेवून देऊ नयेत. कॅल्शियमची गोळी असल्यास दोन्ही एका वेळी घेऊ नयेत. मात्र प्रत्येक रक्तक्षय लोहाच्याच अभावाचा असतो असे नाही. पूर्ण शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीवही पुष्कळ आढळते, आणि काहींत थॅलेसेमियासारखा वंशपरंपरेचा दोष असतो. म्हणून आधी तपासणी, मग गोळी. माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हेही या रोगाचे लक्षण असू शकते. तशा मुलीस रागावण्यापेक्षा तिचे रक्त तपासून आणावे.

चातुर्मासाची योजना आणि ऋतू यांचा संबंध आपल्या वैद्यकाने पूर्वीच ओळखला होता. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, तिसऱ्या अध्यायात, ऋतुचर्या सांगितली आहे. वर्षा ऋतूत जठराग्नी मंद होतो आणि वायू प्रकोप पावतो, म्हणून जुने धान्य, हलके कढण, विहिरीचे किंवा तापविलेले पाणी घ्यावे, नदीचे पाणी, दिवसाची झोप आणि अतिश्रम टाळावे, असे तो म्हणतो. यातला ‘अतिश्रम’ हा शब्द आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. ऋतू पालटताना मागच्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि पुढच्याचा पहिला आठवडा या संधिकाळात जुनी सवय हळूहळू सोडावी आणि नवी हळूहळू धरावी, हेही त्याचेच सांगणे. नवरात्राचे नऊ उपवास करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी निर्जळीवर जाऊ नये, आणि दसऱ्याच्या दुपारी श्रीखंडपुरीवर तुटून पडू नये, एवढा बोध त्यातून सहज घेता येतो. पावसाळ्यात चिखलातून अनवाणी चालण्याने अंकुशकृमी पायांतून शरीरात शिरतात आणि आतड्यात राहून रक्त शोषतात. प्रदक्षिणेपुरते अनवाणी असणे वेगळे, परसात व रस्त्यावर पादत्राण असावे.

या महिन्यांतील सर्व काही देहास ओझेच आहे असे मात्र कोणी समजू नये. मंगळागौरीचे खेळ हा स्त्रियांसाठी सांभाळून ठेवलेला उत्तम व्यायाम आहे. फुगडीत तोल आणि हातांची पकड, झिम्म्यात पायांची उडी, पिंग्यात कंबर आणि श्वास, सारे कामाला लागते. प्रौढांनी आठवड्यास निदान १५० मिनिटे अंग घामेजेल असा व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चाळिशीनंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात, त्यांना उड्यांचा आणि भाराचा व्यायाम उपकारक असतो. हे खेळ लग्नानंतरच्या पाच वर्षांनी संपवून टाकण्याचे कारण आम्हांस कळत नाही. गुडघे दुखत असतील त्यांनी बसून टिपऱ्या खेळाव्यात. ऋषिपंचमीचे व्रतही असेच. बैलाच्या श्रमाचे खायचे नाही म्हणून त्या दिवशी अळू, माठ, सुरण, पडवळ यांची भाजी होते, आणि वर्षातून एकदा तरी पालेभाजी गृहिणीच्या ताटात मुख्य पदार्थ म्हणून येते.

उपवास कोणी करू नये, हा नाजूक प्रश्न उरला. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, रक्तक्षय असलेल्या, आणि मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या, यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून निर्जळी किंवा निराहार राहू नये. गोळी घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते. ‘पण नेम मोडेल’ ही धास्ती अनेकींच्या मनात असते, आणि ती खरी श्रद्धेची असते. त्यांच्यासाठी शास्त्राचेच सांगणे पुढे ठेवतो. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठांनी व्रतभंग होत नाही, असे वचन महाभारताच्या उद्योगपर्वात आहे आणि व्रतग्रंथांनी ते मानले आहे. पूर्ण उपवास न झेपल्यास एकभुक्त, नक्त किंवा फलाहार असे पर्याय आहेत. पार्वतीने घोर तप केले हे खरेच, पण तपाच्या दिवसांत तिला घरच्या पाच माणसांचा स्वयंपाक करावा लागला नव्हता.

याच ग्रंथांत प्रतिनिधीचाही नियम आहे. पत्नी अशक्त असता तिचे व्रत पतीने करावे आणि पतीचे पत्नीने, अशी त्यात सोय आहे. यातल्या दुसऱ्या अर्ध्याचा उपयोग आपण पुष्कळ केला, पहिल्याचा फारसा नाही. वर सांगितलेल्या भगिनीच्या यजमानांनी पुढच्या एकादशा स्वतःकडे घेतल्या. दुसऱ्या एकादशीस संध्याकाळी चार वाजता त्यांनी आम्हांस गंभीरपणे विचारले, की राजगिऱ्याची भाकरी दोनदा खाल्ली तर चालते काय. चालते, असे आम्ही सांगितले. तिचे हिमोग्लोबिन पाच महिन्यांनी ११.२ झाले आणि गोळ्या अजून चालू आहेत.

शेवटी एक गोष्ट व्यवस्थापकांसाठी. मंदिरात येताना अनेक भगिनी पाणीच पीत नाहीत, कारण पुढे जावे लागेल तर सोय नसते. तहान आणि लघवी दोन्ही तासन्‌तास अडवून धरल्याने मूत्रमार्गाचा दाह वारंवार होतो. यंदाच्या हरितालिकेपूर्वी मागील आवारात स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय, आत दिवा आणि पाणी, दाराला नीट कडी, एवढे व्हावे. जागरणाच्या रात्री मंडपाच्या दारी तापवून गार केलेले पाणी, लिंबाचे सरबत आणि दूध ठेवण्याचे काम दोन कुटुंबांनी आमच्याकडे मागून घेतले आहे. आणखी हात हवे आहेत.