नेत्याची वाणी आणि कार्यकर्त्याचे समाधान
(अभ्यासपाठ)



संघटना पैशावाचून क्वचितच मोडते. "आम्हाला कोणी विचारले नाही, कारण सांगितले नाही, उलट चारचौघांत पाणउतारा केला," असे म्हणत कार्यकर्ते घरी बसतात, तेव्हा ती मोडते. म्हणून सम्यक वाचा हा संघटनेचाही पाया आहे.

अंगुत्तर निकायात सुभाषित वाणीची पाच अंगे सांगितली आहेत : ती योग्य वेळी, सत्य, मृदू, हितकारक आणि मैत्रीचित्ताने बोललेली असावी. यातील एकही अंग सुटले, तर सत्यसुद्धा घाव घालते.

नाशिकचेच उदाहरण घ्या. २ मार्च १९३० रोजी येथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. स्त्री-पुरुषांनी दगडांचा मारा आणि तुरुंगवास सोसला. चार वर्षे लोटली तरी दरवाजे उघडले नाहीत. पुन्हा सत्याग्रह करावा काय, असा प्रश्न भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाडांपुढे होता. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी त्यांना सत्याग्रह थांबविण्याचा सल्ला दिला.

एवढ्या त्यागानंतर नुसते "थांबा" म्हटले असते, तर आपला त्याग वाया गेला असे कोणालाही वाटले असते. परंतु बाबासाहेबांनी कारण दिले. आपला समाज मूर्तिपूजक व्हावा म्हणून हा लढा नव्हता. समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्याच्यात चैतन्य यावे, म्हणून तो होता. ते कार्य साधले. आता शक्ती शिक्षणाकडे व राजकारणाकडे वळवावी. नकारातही त्यागाचे मोल राखले गेले. दादासाहेब पुढेही चळवळीत राहिले आणि १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले.

यावरून चार गोष्टी ध्यानी घ्याव्यात :

१. आदेशाबरोबर कारण सांगावे.
२. निर्णय बदलला, तर केलेल्या श्रमाचे मोल आधी बोलून दाखवावे.
३. चूक एकांतात दाखवावी, कौतुक सभेत करावे.
४. वारंवार एकत्र बसावे. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी वज्जींच्या अभ्युदयाचे हेच लक्षण प्रथम सांगितले आहे.

मृदू वाणी म्हणजे गुळचट वाणी नव्हे. वरील पत्रातील सल्ला कठोरच होता. पण तो कार्यकर्त्याला समजण्यास समर्थ मानून दिलेला होता. माणसाचे समाधान या मानातून येते.

चिंतनासाठी प्रश्न : आपल्या विहार समितीच्या मागील सभेत किती जण बोलले, आणि किती जणांनी केवळ ऐकले?